न दिसणारा धूर कुणाच्या नावावर?

कल्पना करा हं मुलांनो, तुम्ही एका मालवाहू जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या खोलीत उभे आहात. पायाखालची लोखंडी जाळी थरथरते आहे, आवाजाने कानांत दडे बसले आहेत. शेजारी एक मुलगी उभी आहे. तिचा मामा या जहाजावरचा इंजिनीअर. प्रश्न विचारून ती त्याचं डोकं खाते, म्हणून तो तिला भुंगा म्हणतो.

मुख्य इंजिनीअर म्हणून मामाची ही पहिलीच सफर. पण जहाज तपासायला आलेल्या तपासनीस बाईंनी काळ्या तेलाऐवजी भरलेलं नवं इंधन मंजूर केलं, तरच ते उद्या सुटणार होतं.

त्याने धुराच्या नळीच्या तोंडाशी पांढरा कागद धरला. काढला तर कोरा! इंजिन बंद करून तो तोऱ्यात म्हणाला, "बघा मॅडम, काजळीचा ठिपका तरी आहे का? पैकीच्या पैकी मार्क!"

"काजळी दिसते हो. पृथ्वी तापवणारा वायू कागदावर उमटत नाही," बाई म्हणाल्या. "इंधन बनवलंय कशापासून?"

"दगडी कोळशापासून. पण तो कारखाना तिकडे, लांब. आपण नुसतं जाळतो."

"मामा, मग बनवताना निघालेला वायू कुणाच्या नावावर?" भुंगाने विचारलं.

"अगं ए, तू कुणाच्या बाजूची?"

बाई हसल्या. "आधी कुणाच्याच नावावर नसायचा. नव्या नियमात तो इंधनाच्याच नावावर. खाणीपासून धुराड्यापर्यंत सगळा धरायचा. कोळशापासून बनवताना इतका वायू निघतो, की तसं पाहिलं तर हे तुमच्या जुन्या काळ्या तेलापेक्षाही वाईट."

मामा मटकन पायरीवर बसला. "झालं! गेली माझी सफर."

"हेच इंधन दुसऱ्या कशापासून होत नाही?" भुंगाने विचारलं.

"होतं की. कुजक्या कचऱ्यापासून, लाकडाच्या भुशापासून. त्यातून झाडांनी हवेतून घेतलेलाच वायू परत जातो. बंदरात एकजण तसं विकतो म्हणे. त्याने पुरावा दाखवला, तर उद्या सोडीन जहाज."

"म्हणायला काय जातं?" मामा कुरकुरला. "कोळसेवालाही 'एकदम स्वच्छ' म्हणूनच गळ्यात मारून गेला."

तिघं वर डेकवर आली. भुंगाने मामाच्या खिशातून फोन काढला, बाईंना नंबर विचारला आणि पलीकडून 'हॅलो' येताच म्हणाली, "काका, तुमचं इंधन कशापासून करता? नाही नाही, कारखान्यापासून नको. त्याच्याही आधीपासून सांगा."