पेवावरची कोंबडी

कारभारी इतका संशयी होता, की पहाटे कोंबडा आरवला तर आधी बाहेर येऊन आभाळ बघायचा. उजाडायचा खरंच बेत आहे, की कोंबडा आपला उगाच बोंबलतोय? निजामाचं राज्य गेलं तेव्हा गावानं गूळ वाटला. हा गडी मात्र पायी भोकरदनला गेला, तहसिलीवरचा झेंडा डोळ्यांनी पाहिला, तिथल्या शिपायाला दोनदा विचारलं, आणि घरी आल्यावरच गुळाचा खडा तोंडात टाकला. तोही आधी जिभेनं चाटून.

अशा माणसावर देवानं त्या वर्षी कठीण वेळ आणली. लेकीचं, पुष्पाचं लग्न धावड्याच्या रामरावांच्या मुलाशी ठरलं होतं. गावातली ख्रिस्ती घरं मोजकीच, कारभारीचं त्यातलंच, आणि उपवासाच्या दिवसांत त्यांच्यात लग्न लागत नाही, म्हणून ईस्टर झाल्यावरचा दिवस धरला होता. पंगतीची सगळी ज्वारी चर्चच्या आवारातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात होती. कारभारीचं स्वतःचं पेव पाणथळ जागेत, आणि चर्च टेकाडावर, म्हणून तिथं ठेवलेली. हे पेव इतकं खोल, की सकाळी आत हाक मारावी आणि न्याहारी करून उत्तर ऐकायला यावं. तोंडाशी कडबा कोंबलेला, वर मातीचा लिंपा. एकदा बुजवलं की गरज पडेपर्यंत उघडायचं नाही, हवा लागली की दाण्याला कीड लागते. आणि उघडलं तरी आधी दोरानं कंदील सोडायचा. कंदील विझला तर आतली हवा जीवघेणी, माणसानं उतरायचं नाही. ही गोष्ट कारभारीनं गावाला इतक्यांदा ऐकवली होती, की बाया लेकरांना झोपवताना तीच गुणगुणायच्या.

आणि त्या पेवाशेजारी राहायला आला नवा उपदेशक, बद्रीनाथ मास्तर.

मास्तर माणूस गोड. पण त्याला प्रत्येक गोष्टीत देवाची शिकवण दिसायची. पायात बाभळीचा काटा मोडला, रविवारी काट्यावर उपदेश. बायकोची, नंदाबाईची भाकर करपली, त्यातूनही धडा. एकदा गाढवानं लाथ मारली, तर मास्तर लंगडत उपासनेला आला आणि गाढवाचे आभार मानले. कारभारीला हे पटेना. ज्याला लाथेतही देव दिसतो, त्याला दुसऱ्याच्या पेवात काय काय दिसत असेल?

मग एके दिवशी शेतातल्या माळ्यावरून त्यानं पाहिलं. भरदुपारी गाव रानात, आणि मास्तर एकटा पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसलेला. समोर कोंबड्यांचं पालथं डालं. मास्तरनं इकडंतिकडं बघितलं, डालं जरासं उचललं, आत कोपरापर्यंत हात घातला, काढला, डालं परत पालथं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कारभारी मुद्दाम चर्चवरून गेला, तर डाल्याभोवती ज्वारीचे दाणे सांडलेले.

रात्री जेवताना त्यानं बायकोला, द्वारकाबाईला सांगितलं, की डाल्याखाली भोक आहे आणि भोकाखाली आपल्या पुष्पाची पंगत.

द्वारकाबाई म्हणाली, "अहो, तिथं नंदाबाईची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसलीय. मास्तर तिला दाणे टाकून राह्यलेत."

"कोंबडी बसवायला घर न्हाई का त्यांना? पेवावरच कशापायी?"

"कोंबडीला इचारा."

कारभारीनं तेही केलं असतं, पण कोंबडी मास्तरच्या बाजूची.

रविवारी उपदेश नेमका कोंबडीवरच. मास्तर म्हणाला, की नंदाबाईनं घरात भुसा घालून मऊ जागा केली, पण कोंबडी पळून पळून पेवावरच जाऊन बसते. मग त्यानंच तिच्यावर डालं घातलं. तिथली माती पहाटेच्या गारठ्यातसुद्धा ऊबदार असते. कोंबडी पिलांना पंखाखाली घेते तसा प्रभू आपल्याला घेतो, आणि त्याची ऊब ज्याला कळली तो मऊ गादी सोडून तिकडंच धावतो. बायांनी डोळे पुसले. कारभारीनं मात्र एकच शब्द धरला. ऊब. टेकाडावरची उघडी माती पहाटे ऊबदार? त्याचा हिशेब झटकन जुळला: पेव उघडं आहे, आतली वाफ वर येते आहे. चोर भर उपासनेत चोरीची जागा सांगतोय, आणि लोक रडतायत.

त्या दिवशी त्यानं भाकरीला हात लावला नाही. पेव फोडावं आणि आत सगळं नीट असलं, तर हवा लागून दाणा जायचा आणि लग्न लावणारा मास्तरही दुखवायचा. न फोडावं, तर रामरावांची वऱ्हाडी मंडळी रिकाम्या पत्रावळीसमोर बसायची आणि पोरगी जन्मभर तेच ऐकायची. सोमवारी सकाळी तो कुदळ घेऊन टेकाडावर गेला.

मास्तर दारातच होता. कारभारीनं डालं बाजूला केलं. कोंबडी अशी ओरडली, की म्हणतात जालन्याच्या ठेसनात गाडी थांबली. डाल्याखाली भोकबीक नव्हतं, अंडी होती आणि लिंपा शाबूत होता. दुसऱ्या कुणी तिथंच माफी मागितली असती. कारभारीनं मातीवर तळवा टेकला. माती तव्यासारखी होती.

त्यानं कुदळ घातली. लिंपा फुटला, कडबा निघाला, ओला, काळा, वाफाळता, आंबूस वासाचा. दाणे बसून पुरुषभर खाली गेलेले. आता चोरी आपल्या डोळ्यांनी बघायची म्हणून कारभारीनं दोन्ही पाय आत सोडले.

मागून मास्तरनं त्याची बंडी धरली. "बाप्पू, कंदील."

"सोड. मला उतरू द्यायचं न्हाई तुला, म्हायती हाये."

"तुमीच शिकवलं गावाला. आधी कंदील सोडू, मंग मला काय म्हणायचं ते म्हणा."

नंदाबाईनं पेटता कंदील आणला, मास्तरनं दोरानं सोडला. हातभर गेला नाही तोच विझला. कारभारीनं त्या काळ्या काचेकडे बघितलं. मग त्यानं एकेक करून पाय वर घेतले.

दुसऱ्या दिवशी कंदील दाण्यांना टेकला तरी जळत राहिला, तेव्हा दोघंही उतरले. चर्चच्या पत्र्याच्या पागोळ्या जिथं पडतात तिथून घुशीनं बीळ केलं होतं, अवकाळीचं पाणी त्यातून पेवाच्या गळ्याशी मुरलं होतं. वरचा थर कुजून काळा पडलेला, त्या आंबण्याचीच ती ऊब, पण खालची ज्वारी टणटणीत. ईस्टरपर्यंत थांबले असते तर सगळं पेव गेलं असतं. अख्खी मंडळी ज्वारी उपसायला आली, आणि टेकाडावर इतकी ज्वारी वाळत पडली, की पाखरं वेरूळहून आली म्हणतात. पंगत पुरली. रामराव दोनदा जेवले.

पण पंगतीच्या आधी, ज्वारी उपसल्यावरच्या रविवारी मास्तरनं उपदेश केला नाही. तो म्हणाला, की देवानं खूण दाखवली होती, मी तिच्यावर गोड बोलत बसलो, आणि हात लावून बघितला तो कारभारीबाप्पूनं. आज धडा त्यांनी सांगावा.

कारभारी उठला. यात काय डाव आहे, हे त्यानं आधी मास्तरच्या तोंडाकडे बघून ताडायचा प्रयत्न केला. डाव सापडेना, तेव्हा म्हणाला, "मला येवढंच कळलं. खुडूक कोंबडी आन् देवमाणूस, दोघांच्या बुडाखाली एकदा हात घालून बघावा."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. द्वारकाबाईनं मान खाली घातली. मास्तर मात्र हसला नाही.

"शास्त्र बी तेच म्हणतंय, बाप्पू. सगळ्याची पारख करा. पण फुडं आणिक एक म्हणतंय, पारख करून जे चांगलं निघंल ते घट्ट धरा."

कारभारी खाली बसला. उपासना संपल्यावर तो दाराशी उभा राहिला, मास्तर बाहेर आला तेव्हा त्याचा हात धरला, आणि धरून ठेवला. लोक निघून गेले तरी सोडीना. मास्तरला वाटलं, माणूस गहिवरला.

"बाप्पू, बोला की."

"थांब जरा," कारभारी म्हणाला. "हात गरम लागून राह्यलाय तुझा. ताप हाये का काय, बघू दे."

आणि खरोखरच ताप होता.