सुगुणासाठी काय मागितलं

खोटं बोलायचं हे मी घरूनच ठरवून निघाले होते. "तब्येतीसाठी प्रार्थना केली" म्हणायचं, केक खायचा आणि घरी जायला बसवनगुडीची बस धरायची.

इंदिरानगरच्या या चर्चमध्ये बायकांच्या मेळाव्याला मी एकतीस वर्षं येतेय. मी ख्रिस्ती नाही. या कानडी शहरात आमचं घर मराठी, देवघरात गणपती. पण सुगुणा आणि मी एकाच शाळेत शिकवायचो, आणि तिनं पहिल्याच वर्षी मला इथं ओढत आणलं. तेव्हापासून मी सगळ्यांची पद्माक्का. दर डिसेंबरात प्रत्येकीनं एका नावाची चिठ्ठी उचलायची, वर्षभर त्या बाईसाठी गुपचूप प्रार्थना करायची आणि पुढच्या मेळाव्यात उभं राहून सांगायचं, काय मागितलं ते.

गेल्या वर्षी माझ्या हाती सुगुणाचं नाव आलं. त्याच आठवड्यात ती म्हणाली, ऑस्ट्रेलियाला लेकीकडे जायचंय, व्हिसाचा अर्ज केलाय. कायमचं का, विचारलं तर म्हणे, "बघू." बघू काय बघू! आमचे हे गेल्यापासून माझा दिवस तिच्या फोनवर उगवतो आणि तिच्याच फोनवर मावळतो. सरळ सांगते, मी घाबरले. व्हिसा मिळू नये असं मागितलं. गणपतीपुढे मागितलं आणि इथल्या बाकावर बसूनही मागितलं. कसर नको.

व्हिसा दोनदा नाकारला गेला.

मंडळाची सेक्रेटरी चंदना एकेकीला उठवत होती. सुगुणाची पाळी आली.

"माझ्यासाठी जिनं प्रार्थना केली तिचे आभार," ती म्हणाली. "तिचा काही दोष नाही. माझ्या लेकीला, प्रणिताला, पुढच्या महिन्यात बाळ होईल. नवरा जहाजावर, तिथं पोरगी एकटी. माझंच काहीतरी चुकलं असणार. देव कशाची शिक्षा देतोय कळत नाही."

"सुगुणाक्कांचं नाव कुणाकडे होतं?" चंदनानं विचारलं.

तब्येतीचं वाक्य अगदी जिभेवर होतं. पण सुगुणा पदरानं डोळे पुसत होती, स्वतःलाच दोष देत होती, आणि माझ्याच्यानं ते बघवेना. मी उठले.

"माझ्याकडे. सुगुणा, देव कसली शिक्षा देत नाहीये. तुला व्हिसा मिळू नये, असं मीच मागितलं होतं."

"अय्यो!" मागून कुणीतरी म्हणालं.

"वर्षभर?" सुगुणानं विचारलं.

"वर्षभर."

"प्रणिताला दिवस गेल्याचं कळल्यावरसुद्धा?"

आता कुठं लपायचं! "स्वल्प कमी केलं," मी म्हटलं. "पण थांबले नाही."

ती ताडताड माझ्यापर्यंत आली. वाटलं, ही आता मला बाहेर काढणार, आणि काढलं तर तिचं काय चुकलं?

"लाज नाही वाटली?"

"वाटली. पण तू गेलीस तर मी काय करू, ते तरी सांग ना गं!"

तिनं माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट, आणि सगळ्यांच्या देखत मला पुढं नेऊन क्रूसासमोर उभं केलं.

"तिसऱ्यांदा अर्ज भरलाय मी. आता माग."

"सुगुणाला व्हिसा मिळू दे," मी पुटपुटले.

"मोठ्यानं."

"सुगुणाला व्हिसा मिळू दे!"

"कधी?"

"लवकर."

"लवकर म्हणजे कधी, पद्मा?"

"बाळ व्हायच्या आत," मी म्हटलं. "तिला तिच्या लेकीकडे जाऊ दे." आणि मला रडू कोसळलं.

"आमेन," सुगुणा म्हणाली. तीही रडत होती, पण माझं मनगट काही तिनं सोडलं नाही.