कोमट माती

टिकाव जमिनीवर आदळला आणि वरसामेच्या कपाळाकडे उलटा उसळला. खाली पांढरा ओरखडा तेवढा उठला. त्यानं पुन्हा उचलला, पुन्हा मारला. या वेळी दांड्यातून आलेली कळ थेट खांद्यात गेली.

"जमीन आहे की लोखंड?" लांबू हसन म्हणाला. टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात तो वरसामेच्या शेजारी उभा राहून कापायचं काम करी. लांबू हे गावानं त्याच्या उंचीवरून ठेवलेलं नाव. सोमाली माणसाला टोपणनाव नसेल, तर तो कुणाच्या खिजगणतीत नाही असं खुशाल समजावं.

"बडबड नको. बाजूला हो."

"अरे, मोडशील हात. मग आईला खाली उतरवणार कोण?"

वरसामे थांबला. श्वासाची वाफ मफलरवर गोठून कडक झाली होती. सकाळी, फज्रच्या नमाजाच्या सुमारास आई गेली होती. सूर्य मावळायच्या आत ती मातीत जायला हवी होती. किस्मायोत, समुद्राकाठच्या त्यांच्या गावी, हे काम चहा उकळेपर्यंत व्हायचं. तिथं सगळी वाळूच, चार फावडी मारली की झालं. इथं गावच्या दफनभूमीचा हा कोपरा सोमाली लोकांनी वर्गणी काढून गेल्या जूनमध्ये घेतला, तेव्हा सगळ्यांनी गवतावर अनवाणी चालून पाहिलं होतं. मऊ लागली म्हणून खूश झाले. हिवाळ्यात हीच जमीन कशी असते हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. शहरातल्या मुसलमानांच्या कब्रस्तानाकडे जाणारा रस्ता वादळानं बंद होता, आणि तो कधी उघडेल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

"ही जमीन एप्रिलमध्ये सुटते," मागून रॉय म्हणाला. दफनभूमीची देखभाल करणारा हा म्हातारा इतका वेळ खिशात हात घालून गप्प उभा होता. "आमची गेलेली माणसंही तोवर थांबतात. त्या दगडी खोलीत. माझी बायको थांबली होती."

वरसामेनं तिकडे पाहिलं. खोलीच्या लोखंडी दारावर बर्फाची साय धरली होती.

"तिला थंडी सोसत नाही," तो म्हणाला. बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं. लांबूनं मान दुसरीकडे वळवली.

खरंच सोसत नव्हती. तीन हिवाळे आई भिंतीतल्या हीटरला पाय लावून बसली होती. ही माणसं फ्रीजमध्ये राहतात आणि घरात वर आणखी एक फ्रीज ठेवतात, असं ती येईल त्याला सांगायची. पहिल्या वर्षी सगळे हसायचे. तिसऱ्या वर्षी ती हे सांगेनाशी झाली. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत ती उन्हात बसून शेजारणींशी भांडायची, मजेत होती. तिला इथं आणायचा हट्ट वरसामेचा. कागदांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते त्यानंच. आता तिला दगडी खोलीत चार महिने ठेवायचं? काही झालं तरी हे होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्याला कळत होतं.

"एक उपाय आहे," रॉय जरा चाचरत म्हणाला. "माझे वडील करायचे. जागेवर कोळसे पेटवून पसरायचे, वर पत्र्याचं झाकण ठेवायचं. उद्या दुपारपर्यंत माती सुटेल."

"आग? कबरीवर?"

"कबरीवर नाही. कबर खणायच्या आधी."

वरसामेनं टिकाव खाली टाकला. जनाज्याबरोबर साधा धुमसता ऊदही कुणी नेत नाही. ज्या आगीपासून आईला वाचव म्हणून आयुष्यभर दुआ मागायची, तीच तिच्या अंथरुणावर स्वतःच्या हातानं पेटवायची? तो गाडीकडे चालू लागला.

घरी बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. मशिदीतला शेख मुहुमेद कुणाला तरी फोन करून आला आणि दाढी कुरवाळत राहिला.

"हराम आहे असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण चांगलंही दिसत नाही. लोक वर्षानुवर्षं बोलतील. वरसामेच्या आईच्या कबरीवर जाळ केला होता म्हणतील."

"मग एप्रिलपर्यंत ठेवू?" वरसामेचा आवाज चिरकला. "सांगा ना शेख, ठेवू? मला काहीच समजत नाहीये!"

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि एद्दो फदूमो बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. ती वरसामेच्या वडिलांची बहीण. तो तिला एद्दो म्हणे, आणि ऐकून ऐकून सगळं गावच म्हणू लागलं होतं. तिचं आणि आईचं आयुष्यभर विळ्याभोपळ्याचं सख्य. भातात मीठ किती, इथपासून दोघींचं वाजायचं. छावणीतही एकाच तंबूत राहिल्या, भांडायला सोपं पडावं म्हणून.

"कसली बैठक चाललीय?" ती म्हणाली. "बाई आत तयार आहे. तुमचं काय अडलंय?"

शेखनं सांगितलं. ती पदरानं हात पुसत ऐकत होती.

"मी आत्ता तिला अंघोळ घातली," ती म्हणाली. "पाणी कसं होतं ते विचार."

"एद्दो, आता पाण्याचं काय..." शेख म्हणाला.

"विचार म्हणते ना!"

"कसं होतं?"

"कोमट. नळाचं गार पाणी मी तिच्या अंगावर पडू दिलं नाही. आधी स्वतःच्या मनगटावर बघून घेतलं. आता मला सांग, ते पाणी कशावर तापलं? चंद्रावर?"

शेखनं दाढीवरून हात काढला.

"पाणी विस्तवावर तापवलेलं चालतं आणि मातीला मात्र विस्तव नको? तिला आत ठेवताना एक जरी निखारा दिसला, तर मला हाक मारा. मीच आणून तुझ्या दाढीला लावीन."

कोपऱ्यात कुणीतरी हसू दाबलं. शेखनंही दाढीआड दाबलं असावं.

"राख शेवटच्या कणापर्यंत काढायची," तो म्हणाला. "मग माझी हरकत नाही."

ऐन हिवाळ्यात दुकानांत कोळसा मिळेना. तेव्हा घराघरांतून बायकांनी ऊद जाळायच्या कोळशाच्या पिशव्या काढून दिल्या. कुठे भरलेली, कुठे तळाला पसाभर उरलेली. रॉयनं आपल्याकडची दोन पोती आणली आणि वडिलांचं जुनं पत्र्याचं झाकण गोठ्यातून शोधून काढलं. आई ती रात्र घरीच राहिली. देह टिकावा म्हणून तिच्या खोलीची खिडकी उघडी ठेवावी लागली. एद्दो दोन शाली गुंडाळून तिच्या उशाशी बसली. वरसामेनं दारापर्यंत जाऊन पाहिलं, त्या गारठ्यात पाऊल टाकवेना, तो परत फिरला आणि तडक दफनभूमीत जाऊन इतरांबरोबर कोळसे वर-खाली करत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिकाव मातीत रुतला. सगळ्यांनी एकदम अल्लाचं नाव घेतलं. राख आधीच डब्यांत भरून कुंपणापलीकडे टाकली होती. शेखनं वाकून, बोटांनी चाचपून खात्री करून घेतली. मग एकामागून एक जण खणत राहिला, कारखान्यातल्या पाळीसारखा.

जनाज्याची नमाज झाली. वरसामे आणि लांबू खाली उतरले, वरून पांढऱ्या कफनातली आई त्यांच्या हातांवर आली. इतकी हलकी, की वरसामेला वाटलं हिचं निम्मं वजन हे हिवाळेच खाऊन गेले. तिला उजव्या कुशीवर निजवायचं होतं, कफनाच्या गाठी सोडायच्या होत्या. जाड हातमोज्यांत बोटं चालेनात. त्यानं ते दातांनी ओढून काढले. सगळं नीट झाल्यावर तोल सावरायला त्यानं कबरीच्या भिंतीला तळहात टेकला आणि तसाच राहिला.

"काय झालं?" लांबू कुजबुजला.

वरसामेनं त्याचा हात धरून मातीवर ठेवला. लांबूनंही हात तसाच राहू दिला. मग म्हणाला, "चल. लोक वर गोठतायत."

"तू हो पुढे."

"वरसामे, वर चल. हे बघ, मला तुला उचलून न्यायला लावू नकोस."

तो वर आला. माती लोटली गेली, दुआ झाली, माणसं पांगली. बायका दफनाला येत नाहीत, म्हणून एद्दो फाटकापाशी गाडीतच बसून होती. काचेतून तिला सगळं दिसत होतं. वरसामे शेजारी येऊन बसला. नखांत काळी माती होती. ती त्याला पुसावीशी वाटली नाही.

"माती ओली होती का?" तिनं विचारलं.

"नाही. कोमट होती."

एद्दोनं मान हलवली.

"मी तिला इथं आणायला नको होतं, एद्दो," तो म्हणाला आणि कालपासून अडून बसलेलं रडू एकदम फुटलं. कपाळ स्टिअरिंगला टेकून तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

तिनं त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही.

"हो, नको होतं," ती शेवटी म्हणाली. "मीही सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. आणि आता परत जाऊ, परत जाऊ असं जे दर हिवाळ्यात म्हणतोस ना, तेही बंद कर. तिला इथं एकटीला टाकून कुठं जाणार आहेस?"

वरसामेनं डोकं वर केलं. बर्फ पुन्हा पडू लागला होता. कुंपण, दगड, रॉयची गाडी, सगळ्यावर बसत होता. मातीच्या काळ्या ढिगावर मात्र पडेल तो विरघळत होता.

त्यानं किल्ली फिरवली नाही. एद्दोनंही चल म्हटलं नाही. ढिगावर पहिला पांढरा थर धरेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.