रिकाम्या चौकोनाचे दोन कर्ण

"चहाच्या आधी एक उदाहरण हाताने करायचं. रोज. डोक्यात नाही, कागदावर."

गणिताच्या सरांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा तो न रागावता दटावणारा आवाज, आता स्वतःच कॉलेजात गणित शिकवणाऱ्या मॅडमच्या कानात रोज सकाळी गॅस पेटवताना हजर असे. मॅडमनी हा नेम कधी मोडला नव्हता. तापात नाही, प्रवासात नाही, लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा नाही.

फक्त उदाहरण त्या सोपं घेत. चहा लांबू नये म्हणून. पोटात एकच ठिपका असलेला छोटासा त्रिकोण. ठिपक्यापासून कोपऱ्यांपर्यंत तीन रेघा मारल्या की आधण यायच्या आत नेम पुरा. मौन पाळायचं आणि दिवसभर खाणाखुणांनी घर डोक्यावर घ्यायचं, त्यातलीच ही भक्ती. देवाला फसवता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सरांच्या बाबतीत त्यांनी इतका खोल विचार केला नव्हता.

आज दुपारी जेवणं आटोपली तरी डॉक्टर, म्हणजे त्यांचे दातांचे डॉक्टर असलेले यजमान, टेबलावरून उठेनात.

"उद्या ताईची मुलाखत. कॉलेजातली नोकरी कायम झाली की लोक मला विचारणार, तुमची बहीण करते काय? मी काय सांगू? वहिनीबरोबर ठिपके काढते?"

"तेच सांगा. खोटं कुठाय त्यात?"

"अगं, नीट सांग ना."

मॅडमनी कोरा कागद ओढला. नणंद-भावजयीने मिळून गणिताचा शोधनिबंध लिहावा आणि दोघींनी एकमेकींशी बोलतही राहावं, याचं डॉक्टरांना अजून नवल वाटे. उद्याची ताईची सगळी मदार त्याच निबंधावर होती.

"समीकरणातून आकार तयार होतो. बहुतेक ठिकाणी गुळगुळीत. पण मध्येच एखादा बिंदू अडून बसतो. तिथे ना धड उतार, ना दिशा."

"किडलेला दात."

"असेल. त्याच्याशी थेट झोंबायचं नाही. काही आकारांत अशा बिंदूचा नकाशा ठिपक्यांच्या कागदावर उतरतो. हा बघा, त्रिकोण. याचे तुकडे पाडायचे, शेवटी असे लहान त्रिकोण हवेत की कोपरे सोडून एकही ठिपका उरू नये. तसे झाले की बिंदू दुरुस्त. भूमितीचं अवघड काम मोजणीवर आलं. आमचा नियम असा, की आतला ठिपका धरा, कोपऱ्यांना जोडा, पुन्हा तेच करा. कुणीही केलं तरी दुरुस्ती एकच येते."

"आत ठिपकाच नसला तर?"

"मग करायचंच काय? ते उघड आहे. निबंधात मी तसंच लिहिलंय." आणि किती उघड आहे ते दाखवायला मॅडमनी एक रिकामा चौकोन काढला. त्रिकोण हवेत म्हणून त्यात एक कर्ण मारला. चौकोन नेहमीसारखा वाकडा आला, म्हणून शेजारी दुसरा काढला, त्यातही कर्ण मारला.

दुसरा कर्ण उलट्या बाजूने पडला होता.

मॅडम दोन्ही चौकोनांकडे बघत राहिल्या. दोन्ही दुरुस्त्या बरोबर. दोन्ही वेगळ्या. आणि निबंध म्हणत होता, एकच येते. त्यांनी हळूच वाटी उचलून कागदावर ठेवली.

"काय झालं?"

"काही नाही."

"तोंड मिटून काही नाही म्हणणारी माणसं मी दिवसभर बघतो." एवढं बोलून डॉक्टर हात धुवायला गेले.

ठिपक्यांवर आयुष्य काढलेली बाई, आणि चार ठिपके बघायचे राहून गेले. का, तर ते बघण्याच्या लायकीचे नाहीत असं तिनेच ठरवलं होतं. "उघड आहे" हे शब्द लिहिताना किती ऐटीत पेन टेकवलं होतं, तेही त्यांना आठवलं. पहिल्या वर्षाच्या मुलींची उत्तरं तपासताना याच शब्दांखाली त्या लाल रेघ ओढत.

मुलाखत उद्या सकाळी. ताईला आज सांगितलं तर बिचारी रात्रभर जागणार. नाही सांगितलं तर? समितीत सगळी मोठी माणसं, उघड गोष्टींकडे ती कशाला बघतील? मॅडमना क्षणभर फार बरं वाटलं. मग लगेच वाटलं, आपणही मोठ्याच माणसांत मोडतो की, तरी आज बघितलंच. फळ्यावर चौकोन काढायला वेळ तो कितीसा लागतो? आणि फळ्यासमोर उभी असेल ताई, वहिनीच्या शब्दावर विसंबून.

निबंध छापायला पाठवला त्या दिवशी ताईने बजावलं होतं, "वहिनी, कुठे भोक सापडलं तर आधी मला सांगायचं. फोनवर नाही, समोर येऊन. माझ्या भावालासुद्धा नंतर." आणि मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवून बरं म्हटलं होतं.

वाटीखालचा कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकला आणि साडीचा पदर सारखा केला.

"अहो, मी ताईकडे जाऊन येते."

"आत्ता? उद्या भेटेलच की."

"आजच जायला हवं."

डॉक्टरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टेबलावरची ताटं उचलायला घेतली. मॅडमनी चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिना उतरू लागल्या.