सरासरीत बसलेलं रक्त

"नवस बोलायचा तर मी बोलते," ग्वारीघाटाच्या पायरीवर सुहासिनीबाई म्हणाल्या होत्या. "अंगावर पाजणारीनं काही सोडू नये, सूनबाई. तू काहून बोलून राहिली?"

प्रणालीनं ऐकलं नाही. तिच्या ओंजळीत नर्मदेचं पाणी होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेली तिची लेक दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून नुकतीच घरी आली होती. प्रणाली एम.कॉम. झालेली, एरवी सासूच्या उपासांना हसणारी. त्या दिवशी मात्र तिनं डोळे मिटून नर्मदामाईला सांगून टाकलं: माझी रेवा चालायला लागेपर्यंत दूध, दही, ताक, तूप काही तोंडात घालणार नाही. वर सासूलाही सुनावलं, "आई, तुम्ही बोललात तर तो तुमचा नवस होईल. लेक माझी आहे."

नवस तिनं कडक पाळला. काळा चहा, कोरडी पोळी, तुपाशिवाय वरण-भात. घरात अंडं कधी शिजलंच नव्हतं. गौतमचं गोहलपूरला कूलरच्या बॉडी बनवायचं वर्कशॉप. येताना तो दुधाच्या खोव्याची जलेबी आणायचा, आणि बायकोसमोर घास उतरत नाही म्हणून गच्चीवर जाऊन खायचा.

रेवानं सुरुवातीला छान बाळसं धरलं. आवाज दिला की मान वळवायची, गौतमच्या मिशीला हात घालून खिदळायची. प्रणाली तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. चमचा उकळल्याशिवाय तोंडाला लागत नसे, पाहुण्यांनी हात धुतल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही. "अरे बापरे, इथं तर पास काढून यावं लागते!" म्हणत नणंद गीतांजली दारातच दोन्ही हात वर करायची.

मग रेवाच्या बोटांची पेरं काळपट पडायला लागली. प्रणालीनं दुधाच्या सायीत बेसन कालवून रोज लावलं. केस विरळ आणि भुरकट झाले. वरणाचं पाणी, मऊ भात, काहीही दिलं तरी पोरगी जिभेनं बाहेर ढकलायची आणि पुन्हा आईलाच बिलगायची. "गुणाची आहे हो, रडत नाही," येणारेजाणारे म्हणायचे. प्रणालीलाही बरं वाटायचं.

एका दुपारी तिनं फोनमधले जुने व्हिडिओ उघडले आणि तिचा हात थांबला. व्हिडिओतली रेवा हसत होती. मांडीवरची रेवा पंख्याकडे बघत होती. तिनं टाळी वाजवली, नाव घेतलं, गालाला गाल लावला. रेवा बघत राहिली. ती शेवटची कधी हसली, ते प्रणालीला आठवेना.

जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. रक्त कमी आहे म्हणाले आणि लोहाचे थेंब दिले. रिपोर्ट प्रणालीनं स्वतः वाचला. "हे बघ, लाल पेशींचा सरासरी आकार बरोबर आहे," ती गौतमला म्हणाली. "मोठं काही नाही, चलो." खालच्या ओळीत पेशींच्या आकारातली तफावत जास्त असल्याची खूण होती. तिनं पाहिली, आणि सोडून दिली. कॉलेजात सरासरीही शिकलेली होती आणि तफावतही. पण भ्यालेल्या माणसाला सरासरीच बरी वाटते.

थेंबांनी काही झालं नाही. रेवाची मान पुन्हा तान्ह्या बाळासारखी कलंडायला लागली, तेव्हा गौतम वर्कशॉप बंद करून दोघींना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर पूर्णिमांनी रेवाची बोटं उलटसुलट करून पाहिली. पुन्हा रक्त घेतलं आणि काचेवर पसरलेला थेंब स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघून आल्या.

"काही पेशी मोहरीएवढ्या आहेत, काही वाटाण्याएवढ्या," त्या म्हणाल्या. "दोन्हींची सरासरी काढली तर ज्वारी येते. रिपोर्टला वाटलं, सगळी ज्वारीच आहे. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की मोठ्या. हिला दोन्ही कमी आहे. अच्छा, अब तुम अपनी जीभ दिखाओ."

"मेरी?"

"हां बेटा, तुम्हारी."

प्रणालीनं जीभ दाखवली. लालबुंद, काचेसारखी गुळगुळीत. तळपायांना येणाऱ्या मुंग्या, जिना चढताना लागणारी धाप, हे सगळं तिनं जागरणाच्या खात्यावर टाकलं होतं.

"दूध-दही खाती हो?"

गौतमनं सांगितलं, "छोड़ दिया है, मैडम. मन्नत है. बच्ची चलने लगे तब तक."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "हे जीवनसत्त्व डाळ-भाजीतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दुधातूनच यायचं. तुमच्यात नाही, तर अंगावरच्या दुधात कुठून येणार? आणि त्याच्याशिवाय ही चालणार कशी?"

प्रणालीनं रेवाला छातीशी असं घट्ट धरलं, की डॉक्टरांना तिचे हात सोडवावे लागले.

घरी आल्यावर सुहासिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. वाटीत दही घेऊन आल्या आणि सुनेसमोर बसल्या.

"आई, मी शब्द दिला होता."

"माईशी मी बोलते. तिचं-माझं जुनं आहे. तू तोंड उघड."

दुसऱ्या घासाला प्रणाली हुंदके देऊन रडली. सासूनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि पुढचा घास धरला.

दोघींना इंजेक्शनं सुरू झाली. सुरुवातीला रेवाचे हातपाय थरथरायला लागले. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी प्रणालीची पाचावर धारण बसली. हळूहळू थरथर ओसरली. मग एका सकाळी गौतमनं मिशी खाली नेली, आणि रेवानं ती धरली. हसली नाही, पण धरली. तो तसाच वाकून राहिला, पाठ भरून आली तरी.

आता रेवा हसते. आधार दिला तर बसते. तिच्या वयाची पोरं गल्लीत पळतात, आणि प्रणाली खिडकीतून बघते. गेलेलं सगळं परत येईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. "बघू," म्हणतात. उशीर किती झाला, ते पोरगी मोठी होईल तेव्हाच कळेल. "बघू" या एका शब्दावर प्रणालीचे दिवस चालले आहेत.

बाळ कसं आहे, असं विचारायला अजूनही लोक येतात. प्रणाली त्यांना खुर्ची देते, चहा देते, आणि उलट एकच मागणं मागते. तेच तिचं तुमच्याकडेही आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी अंगावर पाजणारी असेल, तर बाळाला घेण्याआधी घटकाभर तिच्याजवळ बसा. आज काय जेवलीस, विचारा. काय सोडलंयस, तेही विचारा. ती हसून उडवून लावेल. तरी उठू नका. जीभ दाखव म्हणा, आणि उजेडात नीट बघा.