गोल अक्षरांतला धोका

मित्रांनो, ज्याच्या अंगाला एकही टोक नाही असा मी एक जुना फॉन्ट आहे, म्हणजे संगणकातल्या अक्षरांचे एक वळण. पुसदच्या प्रेरणाताईने मला घडवले. माझा प्रत्येक बाक तिने वर्तुळातून काढला, सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या ठेवल्या आणि टोके गोल केली. एकट्या 'ठ'वर तिने आठ दिवस घालवले. मी कोणाच्या डोळ्याला बोचू नये, एवढीच तिची इच्छा होती.

पुढे दिग्रसला कपिलच्या फ्लेक्सच्या दुकानात माझी चंगळ झाली. बारसे, बालवाडी, आइस्क्रीम आणि सर्वांत जास्त वाढदिवस! गावोगावी गुलाबी रंगात मीच हसत असे. खोटे कशाला बोलू, कौतुकाने मी फुगून गेलो होतो.

कार्यक्रम उरकला की आमच्याकडे फ्लेक्स वाया जात नाही. ज्याला लागेल तो सोडून नेतो आणि कापसाच्या ढिगावर झाकतो. त्याला कोणी चोरी म्हणत नाही.

एकदा किसनरावांना शेतासाठी घाईने बोर्ड हवा होता. रानडुकरांना अडवायला ते रात्री पंपाची वीज थेट कुंपणाच्या तारेत सोडत. गुन्हाच तो! कपिलने कालच्या वाढदिवसाची फाईल उघडली, फुगे काढले आणि मजकूर तेवढा बदलला. 'धोका! तारेत करंट आहे.' मी मात्र तसाच राहिलो, गुलाबी आणि गुबगुबीत, आणि संध्याकाळी त्या कुंपणावर बांधला गेलो.

दुसऱ्या सकाळी किसनराव वीज बंद करायला विसरले. तांड्यावरच्या मानीबाई लेक रंजितासोबत कापूस वेचायला निघाल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण मला त्या लांबूनच ओळखत.

"वाढदिवसाचं फ्लेक्स हाय वं. कापसावर टाकाले होते," म्हणत त्यांनी मला ओढले.

तारेने त्यांचा हात धरला. अंग ताडताड उडू लागले, कातडी जळल्याचा वास सुटला. मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो. "याडी! याडी!" अशी आईला हाक मारत मागून धावत आलेल्या रंजिताने वाळलेल्या लाकडाने तारेवर घाव घातले. तिसऱ्या घावाला तार तुटली.

आरडाओरडा ऐकून मानीबाईंचा नवरा डोंगरसिंग काठी घेऊन धावत आला. समोरून किसनराव आले.

"बोर्ड लावलता न मी!"

"असा असते काय बोर्ड? काहून मारून राह्यला आमाले?"

काठी किसनरावांच्या डोक्यात बसली. त्यांनी विळा उचलला आणि डोंगरसिंगचा खांदा फाडला. रक्त माझ्या 'ध'वर उडाले. लोकांनी ओढून वेगळे केले नसते तर एकाचा मुडदा पडलाच असता.

मानीबाई वाचल्या, पण उजव्या हाताची तीन बोटे कापावी लागली. कापूस बोटांनीच वेचतात, मित्रांनो.

महिन्याने त्या कपिलच्या दुकानात आल्या. तो रडत माफी मागू लागला.

"माफी राहू दे. धोक्याचा बोर्ड कसा असते, छापून दाखव मले."

कपिलने तोच मजकूर दोनदा छापला. एकदा माझ्यात, एकदा काळ्या, जाड, टोकदार अक्षरांत. मानीबाईंनी उरलेली बोटे दुसऱ्या बोर्डावर ठेवली आणि चटकन मागे घेतली.

"याचं भेव वाटते. हाच लाव."

मित्रांनो, अक्षर निवडताना ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही विचारा. त्या दिवशी मला पहिल्यांदाच कोणी नाकारले, आणि मला हायसे वाटले.