पुष्पीचा चार्जर भंगारात जात नाही

किनाऱ्यावरच्या दांडी गावात घरोघरी वीज आली आणि नरहरीच्या टपरीची रयाच गेली. त्याआधी रस्त्यालगतच्या त्या टपरीत तेवढी लाइन होती. कोणाच्या टीव्हीची बॅटरी उतरली, कोणाच्या लग्नातल्या लाउडस्पीकरची उतरली, की माणसं ती डोक्यावर घेऊन नरहरीच्या दारात हजर. आता टीव्ही भिंतीतल्या प्लगवर चालत होते, नरहरी तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जात होता, आणि बॅटऱ्या भरायचा ट्रंकेएवढा चार्जर टपरीत गोणपाट पांघरून पडला होता.

"रविवारी देवू भंगारवाला येतोय. देऊन टाकू," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे नरहरीचे थोरले भाऊ. त्यांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या, अशी घरची रीत. "मला जाळी ठेवायला टपरी पायजे."

"द्यायचा नाय!"

सगळे वळून बघायला लागले. बोलली होती नरहरीची पुष्पलता, नववीतली. तो चार्जर घूंऽऽ करायला लागला आणि त्याच्या मीटरचा काटा थरथरत वर चढला की तिच्या अंगावर काटा येई. घरात पोरीच्या हाती दिलेलं ते एकच यंत्र होतं. ते देवूच्या हातगाडीवर चढवायचं?

"पुष्पे, लायनीला पोरीच्या जातीनं हात लावायचा नाय."

"लाल चिमटा कुठं नि काळा कुठं, हे बाबांनी शिकवलं तेवा काय मी पोरगा होते, अण्णा?"

नरहरी खाली बघून हसला. अण्णा हसले नाहीत. "मग दाव ना, काय उपेगाचा हाय तो!"

"दावते. रविवारच्या आत."

बोलून तर बसली. पण डोक्यात काहीच नव्हतं असं नाही. शाळेच्या सहलीत त्यांना बोईसरच्या एमायडीसीतला एक छोटा कारखाना दाखवला होता. तिथं दाराच्या कड्या पाण्यात बुडवून, वीज सोडून त्यांवर चकाकी चढवत होते. वीज चढवू शकते, तर उतरवू का नाही शकणार? आणि दांडीत उतरवण्याजोगं एकच, गंज! खारा वारा कुलूप खातो, कडी खातो, खिळा खातो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की मासे कापायच्या विळ्यासुद्धा तांबूस होऊन जातात. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, आणि शेजारची भागीमावशी आपल्या आईची गंजकी विळी मांडीवर घेऊन हळहळत बसलेली.

"मावशी, दे इकडं."

शनिवारी टपरीत टब मांडला. आता पाण्यात काय घालायचं? दांडीत मासा सुकवायला मीठ, घसा बसला तर मीठ, दृष्ट लागली तरी मीठच. पुष्पीनं मूठमूठ मीठ ओतलं. काळा चिमटा विळीला, लाल चिमटा जुन्या सेलमधून काढलेल्या काळ्या कांड्यांना. बटण दाबलं. घूंऽऽ! बुडबुडे आले, पुष्पी टाळ्या पिटायला लागली, आणि नाकात असा काही झणका गेला की प्लग उपटून ती खोकत बाहेर पळाली. मागून भागीमावशी, पदरानं डोळे पुसत.

"बगा! पोरीनं एमायडीसी घरात आणली!" अण्णा ओरडले. "उद्या सकाळीच उचलायचा तो!"

पुष्पी खोकता खोकता एकदम हसत सुटली. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन वायू सुटतो! हेच उत्तर तिनं सहामाहीला घडाघडा लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. फक्त नाकाला माहीत नव्हतं.

रविवारी उजाडताच तिनं टब अंगणात मोकळ्या हवेत आणला. विहिरीचं गोडं पाणी, आईचा धुण्याचा सोडा, आणि कांड्यांच्या जागी लोखंडी पत्र्याचा एक तुकडा. रातपाळी करून आलेला नरहरी डबासुद्धा न ठेवता उकिडवा बसला.

"प्लग काढल्याबिगर पाण्यात हात घालायचा नाय," एवढंच म्हणाला.

"ठाऊक हाय, बाबा."

देवू दोरी घेऊन आला तेव्हा पाण्यावर तांबडा फेस दाटला होता. अण्णा म्हणाले, "उचल." देवू पुढं झाला. पुष्पीनं प्लग काढला, पण जागची हलली नाही. टबातून विळी काढली; काळीठिक्कर. अण्णांनी तोंड वाकडं केलं. तिनं नारळाची शेंडी घेऊन खसाखसा घासली. काळं निघालं आणि खालून पातं लखलखलं.

भागीमावशीनं विळी पायाखाली धरली, सुका बोंबील घेतला आणि सर्रकन दोन तुकडे केले. मग उठली ती थेट देवूच्या आडवी उभी राहिली.

"आदी माज्या जावेची विळी. मग शेजारच्या चिमीची. मग तुजं भंगार, देवू."

"आनि माजी जाळी?" अण्णा म्हणाले.

"वळचणीला टांगा, अण्णा. कोरडी र्‍हातील," पुष्पी म्हणाली.

"नरहरी, तू तरी सांग तिला!"

"मी काय सांगू? मशीन ती चालवते."

पुष्पीचं लक्ष लाल चिमट्याकडं गेलं. तिथल्या पत्र्याची विजेनं खाऊन खाऊन पार चाळण केली होती. ती उठली आणि देवूच्या हातगाडीत हात घालून खडखडाट करत शोधायला लागली.

"ए पोरी, मी न्यायला आलोय, द्यायला नाय!"

"जाड लोखंड बघतेय, देवूकाका. हा चालेल." तिनं एक पत्रा ओढून काढला.

"देवू, देऊ नको रं!" अण्णा गरजले.

तोवर पुष्पीनं त्याला लाल चिमटा लावला होता.